उजव्या खांद्याखालची जागा

हे लिहायला मला बरेच महिने लागले. हात दुखत होता म्हणून नाही. हात आता चांगला आहे, हे सगळं मी त्याच हाताने लिहिते आहे. पण लिहायला बसले की पहिल्या दोन ओळींतच सोनोग्राफीच्या त्या थंड जेलचा स्पर्श गळ्यापाशी जाणवायचा आणि मी उठून पाणी प्यायला जायची. मग मागच्या महिन्यात आईच्या शाळेतल्या एका बाईंच्या पुतण्याला हेच झालं. तो व्हॉलीबॉल खेळतो. त्याच्या आईने मला फोन करून विचारलं, "तुला तेव्हा काय वाटत होतं गं? हा काही बोलतच नाही." फोनवर मला जेमतेम चार वाक्यं बोलता आली. बाकीचं इथे लिहिते.

उंच आहेस, उद्या ये

मी ऋजुता. आमचं घर मराठी, पण आजोबांच्या वेळेपासून बेंगळुरातलं. वडिलांना मी अण्णा म्हणते. ते सरकारी कारखान्यात इंजिनांच्या चाचणी विभागात आहेत. आई, नलिनी, शाळेत गणित शिकवते. मी एकुलती एक, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि तोवर आयुष्यात एकही खेळ न खेळलेली. शाळेत पीटीच्या तासाला सावली शोधणाऱ्या मुली असतात, त्यांतली.

कॉलेजात रोइंगची टीम नव्याने सुरू झाली होती. शोभा मॅडम नावाच्या कोच वर्गावर्गात फिरून मुली गोळा करत होत्या. माझ्यापाशी येऊन त्यांनी मला उभं राहायला सांगितलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पोहता येतं?"

"येतं. थोडंसं."

"उंच आहेस. उद्या ये."

एवढ्यावर मी गेले. कोणी मला माझ्या उंचीसाठी कधी बोलावलं नव्हतं. घरी तो विषय नेहमी लग्नाच्या संदर्भातच निघायचा.

आईचा साफ नकार होता. तिला पाण्याची भीती आहे, ती समुद्रावरसुद्धा कोरड्या वाळूतच बसते. अण्णांना मात्र आनंद झाला. "अगं, वल्हवायला शिकतेय पोरगी. जाऊ दे की." मग रोज पहाटे तेच मला स्कूटरवरून हेब्बाळच्या पलीकडच्या तलावावर सोडायला लागले.

पहिले कितीतरी दिवस आम्ही पाण्यात उतरलोच नाही. शेडमध्ये वल्हवण्याची मशिनं होती, त्यांवर बसून दोरी ओढायची. पायांनी ढकलायचं, मग पाठ, मग हात. मी नेमकी उलट करायची, आधी हात. "हात शेवटी!" मॅडम ओरडायच्या. तळव्यांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. मग एकदाची बोट मिळाली. दोघींची, हातभर रुंद, काठावर पाय ठेवला तरी डुचमळणारी. मी पहिल्याच दिवशी भावनाला घेऊन पाण्यात पडले.

भावना म्हणजे माझी जोडीदार. बेंगळुराजवळच्या आनेकलची. वडील तिथल्या एका कारखान्यात कामगार, ती हॉस्टेलवर राहायची. आम्ही आपसांत कन्नडमध्येच बोलायचो. पाण्यातून डोकं वर काढून, केसांतलं शेवाळ काढत ती पहिलं वाक्य बोलली ते हे, "आता पडून झालं. आता भीती नको."

या बोटीत दोघींची तोंडं मागच्या बाजूला असतात. आपण कुठे चाललोय ते दिसत नाही, कुठून आलोय तेवढं दिसतं. ती माझ्यापुढे बसायची, म्हणून मला दिसायची ती तिची पाठ आणि घट्ट वेणी. ती पाठ वाकली की मी वाकायचं, ती सरळ झाली की मी व्हायचं. एके दिवशी सकाळी, कसं कुणास ठाऊक, पाच-सहा वेळा आमची वल्ही एकदम बरोबर पडली. बोटीखालून पाणी वाहिल्याचा बारीक आवाज आला. वरून विमान चाललं होतं, पलीकडे फ्लायओव्हरवर गाड्यांचा गोंगाट, आणि तरी आम्हा दोघींना तो आवाज ऐकू आला. भावना मागे वळली नाही. नुसतं म्हणाली, "ऐकलंस?"

त्या दिवसापासून मी रोइंगची झाले. माझं शरीर काहीतरी नीट करू शकतं, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळत होतं. हिवाळ्यात नवशिक्यांची कॉलेजांमधली शर्यत होती. मॅडमनी आम्हा दोघींचं नाव घातलं.

सूज

शर्यतीला काही आठवडे राहिले असताना उजवा हात जड वाटायला लागला. दुखत नव्हता, जड. भिजलेलं जाड ब्लँकेट उचलावं तसा. सगळ्यांचेच हात दुखत होते, त्यामुळे मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. मग एका सकाळी सराव झाल्यावर मनगटातलं केसांचं रबर निघेना. बोटं फुगली होती आणि तळवा जांभळट दिसत होता.

कॉलेजच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी दंड दाबून पाहिला, स्नायू ताणला गेलाय म्हणाले, गोळ्या दिल्या, बर्फ लावायला सांगितला. मी दोन दिवस सराव बंद ठेवला आणि बर्फ लावत बसले. सूज उतरली नाही. तिसऱ्या दिवशी बसस्टॉपवरून घरी येताना, सपाट रस्त्यावर, मला धाप लागली. श्वास आत घेतला की उजव्या बरगडीत सुई टोचल्यासारखं व्हायचं.

त्या संध्याकाळी अंघोळीनंतर मी अंगाला टॉवेल गुंडाळून बसले होते. आई केस पुसायला आली आणि मधेच थांबली.

"हे काय गं?"

मी आरशात पाहिलं. उजव्या खांद्यावरून छातीवर निळ्या शिरांचं जाळं पसरलं होतं. डाव्या बाजूला काहीच नव्हतं.

आई शब्द वाया घालवत नाही. तिने माझे दोन्ही हात धरून शेजारी शेजारी ठेवले आणि अण्णांना हाक मारली. "अहो, गाडी बोलवा. आत्ताच्या आत्ता."

माझ्यासारखं कुणाला होत असेल तर एवढंच आधी सांगते. हात दुखतो सगळ्यांचा. पण एकच हात सुजला, त्याचा रंग बदलला, खांद्यावर अशा शिरा उठल्या, तर बर्फ लावत बसू नका. एका डॉक्टरांनी काही नाही म्हटलं, तरी दुसऱ्यांकडे जा. आणि धाप लागली तर कुणाला विचारतही बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा.

गाठ

सोनोग्राफी करणारी मुलगी माझ्याच वयाची असेल. सुरुवातीला ती गप्पा मारत होती, कुठलं कॉलेज, कुठला विषय. गळ्याच्या खाली, कॉलरच्या हाडापाशी यंत्र आलं आणि ती बोलायची थांबली. तीच जागा पुन्हा पुन्हा दाबू लागली. मग "वन मिनिट" म्हणून बाहेर गेली आणि मोठ्या डॉक्टरांना घेऊन आली. आजार मला तेव्हाच कळला. नाव नंतर कळलं.

डॉक्टर अण्णांशी कन्नडमध्ये आणि इंग्रजीत बोलले. आई दाराशी होती, तिला नीट ऐकू गेलं नाही. तिने विचारलं तेव्हा अण्णा गोंधळून म्हणाले, "खांद्याखाली गाठ झालीये. रक्ताची."

आई मटकन खाली बसली. खुर्ची होती शेजारी, तरी जमिनीवर. तिने 'गाठ' एवढंच ऐकलं होतं. तिची मावशी गाठीनेच गेली होती.

"गाठ नाही, गुठळी! रक्ताची गुठळी!" अण्णा तिच्याजवळ वाकून पुन्हा पुन्हा सांगत होते. तो एक शब्द तिच्यापर्यंत पोचायला बराच वेळ लागला. मी टेबलावर पडून, गळ्यावर जेल, हे सगळं बघत होते. मला वाटलं होतं, अशा वेळी मला माझ्या जिवाची भीती वाटेल. प्रत्यक्षात मला आईला जमिनीवर बसलेली पाहून भीती वाटली.

हाताकडून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी होऊन ती शीर बंद झाली होती. नंतरच्या तपासणीत दिसलं, की तिचे बारीक तुकडे सुटून फुप्फुसात गेले होते. "मोठा गेला असता तर?" मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "नाही गेला." मला ते उत्तर आवडलं. अजूनही आवडतं.

आयसीयू

हातातून एक नळी घालून ती थेट गुठळीपर्यंत नेली आणि त्यातून गुठळी विरघळवणारं औषध सोडत राहिले. ते चालू असताना हलायचं नाही. औषधामुळे कुठूनही रक्त येऊ शकतं, म्हणून दात घासायचे नाहीत, नाक शिंकरायचं नाही. हात उशीवर सरळ. एका जागी पडून छताकडे पाहायचं.

तिथे दिवस कसा जातो ते सांगणं कठीण आहे. दिवे कायम चालू असतात. दर थोड्या वेळाने कुणीतरी येऊन बोटं दाबून बघतं आणि विचारतं, "नाव काय? इथे का आलीस?" मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे पाहायला असे प्रश्न विचारतात, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, या लोकांच्या लक्षात राहत नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी रडले. केरळच्या एक सिस्टर होत्या, लिसी सिस्टर. त्यांनी मला कारण सांगितलं आणि मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी तू मला विचार माझं नाव. फेअर आहे ना?" त्यानंतर दर खेपेला मी आधी त्यांना नाव विचारायची. त्या दरवेळी गंभीरपणे पूर्ण नाव सांगायच्या, आजोबांच्या नावासकट.

तिथे एकटं पडल्यावर भीती कशाची वाटते? मरणाची, असं लिहायला सोपं आहे. मला मरणाचं चित्र डोळ्यांपुढे आणताच येत नव्हतं. मला भीती वाटायची ती पुढच्या श्वासाची. दर श्वासाला ती सुई टोचायची, म्हणून मी अर्धाच श्वास घ्यायची, मग तो पुरायचा नाही, मग घाबरून मोठा घ्यायची. शेवटी मी मनात वल्हवायला लागले. भावनाची पाठ पुढे आली की श्वास सोडायचा, मागे गेली की घ्यायचा. याने काही बरं झालं नाही, पण पुढचा श्वास कधी घ्यायचा ते ठरलं.

दाराबाहेरचं बोलणं

वॉर्डात हलवल्यावर घरातलं भांडण मला ऐकू यायला लागलं. ते दोघं दाराबाहेर कुजबुजत भांडायचे. आई आवाज चढवत नाही, पण गणिताच्या बाईंचा प्रत्येक शब्द वेगळा ऐकू येतो.

"मी नको म्हणत होते. तुम्हाला हौस. पोर म्हणजे काय तुमच्या कारखान्यातलं इंजीन आहे? किती ताण सोसतं बघायला?"

त्यानंतर अण्णा माझ्या पलंगाजवळ बसेनासे झाले. डबा घेऊन यायचे, दारात उभे राहायचे, "बरं वाटतंय ना?" विचारायचे आणि औषधं आणायच्या निमित्ताने खाली जायचे. मी त्यांना बोलवायची. "आलोच," म्हणायचे आणि यायचे नाहीत.

भेटायला येणारी माणसं त्यात भर घालायची. आमच्या ओळखीच्या एक काकू सफरचंदं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मुलीच्या जातीला कशाला हवेत असले खेळ?" आईने त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आई हो म्हणेल. ती म्हणाली, "चहा घेणार का?" आणि त्यांना कँटीनमध्ये घेऊन गेली.

मग शस्त्रक्रिया करणारे सर्जन आले. त्यांनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून आम्हाला समजावलं. कॉलरचं हाड आणि सगळ्यात वरची बरगडी, यांच्यामधून ही शीर जाते. माझी ती जागा फार अरुंद होती. वल्हवताना खांदे हजारदा हलले, शीर त्या दोन हाडांमध्ये चिमटली, आतून खराब झाली आणि रक्त साकळलं. आता आधी रक्त पातळ ठेवायचं आणि काही आठवड्यांनी ती वरची बरगडी काढून टाकायची.

"बरगडी काढायची?" आई म्हणाली.

"तिच्याशिवाय काही अडत नाही."

"पण ही जागा अरुंद झाली कशाने? वल्हवून?"

"नाही, नाही. ती जन्मापासूनच तशी असणार. वल्हवलं नसतं तर कदाचित कळलीच नसती. किंवा दुसऱ्या कशाने तरी कळली असती."

सर्जन गेले. आई खिडकीशी उभी राहिली. मला वाटलं, चला, आता भांडण मिटलं, दोष कुणाचाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझी वेणी घालत होती. वेणी घालता घालता तिचे हात थांबले.

"तू पोटात होतीस तेव्हा मी शेवटपर्यंत बसने शाळेत जात होते," ती म्हणाली. "गर्दी असायची. सगळे सांगायचे, रजा घे. मी ऐकलं नाही."

मान वळवता येत नव्हती, वेणी तिच्या हातात होती. तेवढ्यात दारातून अण्णांचा आवाज आला. ते कधी येऊन उभे राहिले होते, आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

"नलिनी, डॉक्टर 'जागा' म्हणाले. 'दोष' नाही म्हणाले."

आई वळली नाही. अण्णा आत आले, कितीतरी दिवसांनी पलंगाजवळच्या स्टुलावर बसले आणि डबा उघडायला लागले. आईने वेणी पुरी केली. मग म्हणाली, "ताक आणलंत का?"

"आणलंय."

आमच्या घरात माफी अशीच मागतात.

रक्त

यावर कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. रक्त पातळ करायची औषधं चालू असताना मुलींना पाळीही येते. मला कुणी आधी सावध केलं नव्हतं. ती आली ती कधी पाहिली नव्हती अशी आली. चादर, गादी, सगळं. उठले की डोळ्यांपुढे अंधारी. मला लाज इतकी वाटली की मी घंटा वाजवायच्या आधी किती वेळ नुसती पडून राहिले. लिसी सिस्टर वॉर्डातही येऊन मला बघून जायच्या. त्या आल्या, पांघरूण उचललं आणि इतकंच म्हणाल्या, "दिस इज नॉट युवर फॉल्ट, मोळे." मुली, असं त्यांच्या भाषेत. मग त्यांनी पुसलं, बदललं, वर जाऊन डॉक्टरांना खडसावून आल्या की या मुलीला हे आधी सांगायला हवं होतं.

आई तेव्हा शाळेत गेली होती. अण्णा होते. पॅड हवे होते. मी भिंतीकडे तोंड करून त्यांना ते सांगितलं. आमच्या घरात हा शब्द अण्णांसमोर उच्चारला जात नसे. ते गेले आणि बऱ्याच वेळाने आले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली चार पाकिटं.

"कुठलं लागतं ते माहीत नव्हतं," ते म्हणाले. "म्हणून चार प्रकारचे आणले. दुकानदाराने विचारलं, किती मोठं. मी म्हटलं, स्वल्प मोठं द्या." आणि ते इतके कावरेबावरे झाले की मला हसू आलं. हसताना बरगडीत दुखलं. पण ते दुखणं चालण्यासारखं होतं.

हिमोग्लोबिन उतरलं आणि रक्त द्यावं लागलं. रक्तपेढीने दाते मागितले. शोभा मॅडम टीमच्या मुलींना घेऊन आल्या. ट्रॅकसूट घातलेल्या, ओल्या केसांच्या मुली रांगेत उभ्या राहिल्या. भावनाला मात्र परत पाठवलं. तिचंच रक्त कमी भरलं. ती माझ्याकडे आली ती डोळे पुसतच.

"वल्हवायला चालतं आणि द्यायला चालत नाही," ती म्हणाली, "कसलं हे रक्त?"

मी तिला लोहाच्या गोळ्या घ्यायला सांगितलं. माझ्याच गोळ्यांची पट्टी दाखवली. ती पट्टी हातात फिरवत राहिली. तिला आणखी काहीतरी सांगायचं होतं.

"शर्यतीला मॅडमनी माझ्यामागे निधीला बसवलंय."

निधी पहिल्या वर्षाची. चांगली होती. "सरी," मी म्हणाले, म्हणजे ठीक आहे. ती गेल्यावर मी पांघरुणाखाली रडले. आयसीयूत रडले त्यापेक्षा जास्त. गुठळीने मला जेवढं एकटं पाडलं नव्हतं, तेवढं त्या एका नावाने पाडलं.

शर्यतीत त्यांचा नंबर आला नाही. भावनाने फोन करून सांगितलं. मला आनंद झाला नाही, हे मी इथे मुद्दाम नोंदवते, कारण मला वाटलं होतं की होईल.

बरगडी

मग घरी बरेच आठवडे. पोटात टोचायची इंजेक्शनं, ती आईने शिकून घेतली. ती पाण्याला भिते, पण सुईला नाही. परीक्षा बुडली, एक सत्र मागे पडलं. आणि मग बरगडीची शस्त्रक्रिया.

शुद्धीवर आल्यावर पहिली आठवण आहे ती काखेतल्या नळीची आणि हात नावाच्या वस्तूची, जी माझी नव्हती. पेला उचलता येत नव्हता. फिजिओथेरपीत भिंतीवर बोटांनी चढायचं, मुंगीसारखं, जिथे जमेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. कित्येक दिवस खूण तिथल्या तिथेच. एके दिवशी मी चिडून पेन्सिल फेकली. अण्णांनी ती उचलून आणून दिली.

या आजारात बरं होण्यातली खरी अडचण दुखण्याची नाही. शरीरावरचा भरवसा जातो, ती आहे. जिना चढले, धाप लागली, की मी थिजायची. आलं का परत? थंडीत हात गार पडला तरी दिव्याखाली धरून रंग बघायची. डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "हे जायला बरगडीपेक्षा जास्त वेळ लागतो." कुणीतरी असं स्पष्ट सांगितलं, याने मला फार बरं वाटलं.

तलावावर

तपासणीत शीर मोकळी दिसली. रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद झाल्या. मी विचारायच्या आधीच सर्जन म्हणाले, "वल्हवायचं असेल तर वल्हव. हळूहळू." बाहेर आल्यावर आम्ही गाडीत बसलो. हेब्बाळच्या सिग्नलला अण्णांनी आईकडे पाहिलं. आई समोर बघत होती.

"मी येणार," ती म्हणाली. "ती जाणार असेल तर मी येणार."

आम्हाला वाटलं, काठावर. पुढच्या सरावाला तलावावर पोचल्यावर तिने शोभा मॅडमना विचारलं, तुमच्या मोटारबोटीत जागा आहे का. मॅडम सरावाच्या वेळी मुलींच्या शेजारून त्या छोट्या बोटीतून जातात. मॅडमनी तिला लाइफ जॅकेट दिलं. साडीवर ते नारिंगी जॅकेट घालून आई बोटीत चढली. तिचा एक हात अण्णांनी धरला होता, दुसरा मॅडमनी. बसल्यावर तिने दोन्ही हातांनी बोटीची कड धरली आणि डोळे मिटून घेतले.

भावना आणि निधी त्यांच्या बोटीत आधीच पाण्यावर होत्या. ती आता त्यांची जोडी आहे. भावनाने लांबून वल्हं उचलून दाखवलं. मला मॅडमनी नवशिक्यांना देतात ती एकटीची रुंद बोट दिली. पुन्हा पहिल्यापासून.

काठ सोडला. पायांनी ढकलायचं, मग पाठ, मग हात. शरीराला आठवत होतं, पण दबकत. पाण्यावर जलपर्णीचा वास होता. पेलिकन बाजूला सरकले. मी जरा पुढे गेले, आणखी जरा, आणि मग छाती भरून आली. धाप. मी थांबले. वल्ही पाण्यावर आडवी टाकली आणि बोट हलेनाशी झाली. मला फक्त माझा श्वास ऐकू येत होता. मी उजव्या हाताकडे बघितलं. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या.

मॅडमनी मोटर बंद करून बोट जवळ आणली. "परत जाऊ या का?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. त्यांनी मला विचारलं, पण बघितलं आईकडे.

आईचे डोळे आता उघडे होते. कडेवरची बोटं पांढरी पडली होती. चारी बाजूंनी पाणी होतं आणि ती त्यातल्या कशाकडेच बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"दम लागलाय की दुखतंय?" तिने विचारलं.

मी नीट विचार केला. एक श्वास घेतला, पूर्ण. सुई नव्हती.

"दम लागलाय."

"नक्की?"

"नक्की, आई. नुसता दम."

मी तिला जन्मभर ओळखते. ती आता परत म्हणणार, अशी माझी खात्री होती आणि ती म्हणाली असती तर मी वळलेही असते. तिने एक हात कडेवरून सोडवला, कपाळावरचा घाम पुसला आणि मॅडमकडे वळली.

"मुंदे होगोणा, मॅडम," ती म्हणाली. पुढे जाऊ या.

मी वल्ही पाण्यात घातली.